जित्याची खोड, पिपचा आकडा

पायथनच्या प्रत्येक टूलच्या नावाला पायथनचा आकडा चिकटवलाच पाहिजे, असं मानणारा एक पक्ष सध्या जोरात आहे. पिप नको, पिप३ म्हणा. त्याहून बरं म्हणजे पिप३.११ म्हणा. कव्हरेज नको, कव्हरेज३ म्हणा. आयपायथन नको, आयपायथन३ म्हणा. या पक्षात माझे चांगले मित्र आहेत, काही शिक्षक आहेत आणि आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत भिंतीवर डकवलेला एक कागदही आहे. ‘आकड्याशिवाय कोणतीही कमांड टाइप करू नये’ असं त्यावर ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्यात. मग डावीकडे चुकीची नावं, उजवीकडे बरोबर नावं. पेण, हमरापूर, जिते, आपटा इथून मेमूने ये-जा करणारी मुलं तो कागद मोबाइलवर टिपतात आणि परीक्षेत तसाच्या तसा उतरवतात.

हा कागद चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यामागचा युक्तिवाद वरवर पाहता पटण्यासारखा आहे. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं लागतात.)

आधी त्यांची बाजू. समजा एका लॅपटॉपवर पायथन ३.८ही आहे आणि ३.११ही. मुलगी टर्मिनल उघडते, ‘पिप इन्स्टॉल पांडाज’ लिहिते, पडद्यावर ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ उमटतं. मग ती प्रोग्राम चालवते आणि उत्तर येतं की पांडाज नावाचं मॉड्यूल सापडलं नाही. पिप होता ३.८चा, प्रोग्राम चालला ३.११वर. दुसरी तक्रार अशी की कव्हरेज हे टूल दोन्ही पायथनांवर टाकलं, तर ‘/युएसआर/लोकल/बिन’ या एकाच फोल्डरमध्ये ‘कव्हरेज’ नावाची एकच फाइल दोनदा लिहिली जाते आणि नंतरची आधीचीला पुसून टाकते. तिसरी बाब इतिहासाची, आणि तिथे आल्यावर हा पक्ष भावुक होतो.

इतिहास असा. पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ला, आणि जुन्या भाषेशी जाणूनबुजून फारकत घेऊन आलं. ‘प्रिंट’ला कंस लागले, मजकूर आणि बाइट वेगळे झाले, पूर्णांकांच्या भागाकाराचं उत्तर बदललं. भाषा दोन झाल्या, नाव एकच राहिलं. ऑक्टोबर २०१०मध्ये आर्च लिनक्सने ‘पायथन’ या कमांडचा अर्थ बेधडक पायथन ३ असा करून टाकला आणि जुन्या समजुतीवर लिहिलेली स्क्रिप्टं एकामागून एक मोडली. त्यातून मार्च २०११मध्ये पेप ३९४ हा मसुदा जन्माला आला. ‘पायथन२’ आणि ‘पायथन३’ अशी दोन स्वच्छ नावं सगळीकडे असावीत आणि नुसतं ‘पायथन’ तूर्तास २कडेच असावं, असं त्यात ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याला पायकॉन इंडिया भरली होती. तेव्हा आपल्याकडे बहुतेकांच्या लेखी पायथन म्हणजे पायथन २च. पुढे १ जानेवारी २०२०ला पायथन २चा आधार अधिकृतपणे संपला. उबुंटू २०.०४मध्ये नुसतं ‘पायथन’ मुळात येतच नाही. हवं असेल तर ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचं पॅकेज टाकायचं. पॅकेजच्या नावातच जाहीरनामा लिहिण्याची वेळ आली, यावरून त्या भांडणाची खोली कळावी.

तेव्हा आकड्याने आपल्याला तारलं, म्हणून आता प्रत्येक टूलला आकडा लावा, असा यांचा निष्कर्ष. पण पेप ३९४ने आकडा दिला तो इंटरप्रिटरला, म्हणजे खुद्द पायथनला. फार तर पायथनबरोबरच घरात येणारी आयडल, पायडॉक अशी दोन-चार भावंडं त्यात धरली होती. बाजारातल्या यच्चयावत टूलांना शेपूट जोडा असं त्यात कुठेही नाही. उलट वितरकांना त्यात सल्ला आहे तो स्क्रिप्टची पहिली ओळ अधिक नेमकी करण्याचा. नाव नव्हे, पहिली ओळ. सगळी मेख इथे आहे, म्हणून ही ओळ जवळून पाहू.

लिनक्सवर ‘पिप३’ ही काय चीज आहे हे पाहायचं तर ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडावी. आत मोठं यंत्र वगैरे काही नसतं. जेमतेम सात-आठ ओळी असतात. पहिली ओळ ‘#!’ने सुरू होते आणि तिच्यात पायथनचा पूर्ण पत्ता असतो, उदाहरणार्थ ‘/युएसआर/बिन/पायथन३.११’. पुढच्या ओळींत पिपच्या आतलं ‘मेन’ हे फंक्शन आयात करायचं, ते चालवायचं आणि त्याचं उत्तर घेऊन बाहेर पडायचं, इतकंच. लिनक्सचा कर्नल फाइलचं नाव बघून इंटरप्रिटर ठरवत नाही, ही पहिली ओळ बघून ठरवतो. त्या फाइलचं नाव बदलून ‘पिप२.७’ करा, ‘गणपती’ करा, ती ३.११च्याच घरात सामान टाकत राहील. म्हणजे आमचे मित्र ज्या आकड्यावर विसंबतात तो दारावरची पाटी आहे, आणि आत कोण राहतं याच्याशी त्या पाटीचा संबंध असेलच असा नियम नाही.

त्यातही ‘पिप३’मधला ३ तर आता काहीच सांगत नाही. २०१२ साली तो २पासून वेगळेपणा दाखवत होता. आज ज्या मुलीच्या लॅपटॉपवर ३.८ आणि ३.११ आहेत तिच्यासाठी दोन्ही ३च. वरचं पांडाजचं उदाहरण त्यांनी दिलं खरं, पण ‘पिप’च्या जागी ‘पिप३’ लिहून ते पुन्हा चालवून बघा: अडचण जिथल्या तिथे. म्हणजे भिंतीवरचा कागद ज्या रोगावर औषध म्हणून लावलाय, त्या रोगाला ते औषध लागूच नाही. अडचण सोडवायची तर पूर्ण ‘पिप३.११’ लिहावं लागतं, आणि मग दर वर्षीच्या ऑक्टोबरात, नवं पायथन आलं की, कागदही नवा लावावा लागतो.

यावर ते म्हणतील, मग लावू नवा. निदान अचूक तरी राहील. राहणार नाही, आणि त्याचं कारण पॅकेज कसं बनतं त्यात आहे. आज पायथनची टूलं येतात ती ‘व्हील’ नावाच्या फाइलमधून. शुद्ध पायथनात लिहिलेल्या टूलचं व्हील एकदाच बांधतात आणि तेच ३.८लाही चालतं, ३.१२लाही, त्याच्या नावात ‘पीवाय३-नन-एनी’ असा शेरा असतो, म्हणजे कुठलंही पायथन ३, कुठलंही यंत्र. कमांडचं नाव काय ठेवायचं हे त्या व्हीलच्या आत, बांधतानाच लिहून टाकलेलं असतं. बांधणाऱ्याने ३.९वर बांधलं आणि नावात ३.९ घातलं, की ते ३.१२वर टाकणाऱ्याच्या फोल्डरमध्येही ‘३.९’चीच पाटी लागणार. हा नुसता तर्क नाही, खुद्द पिपलाच हा त्रास झाला. पिप स्वतः व्हील म्हणून येतो आणि त्याला ‘पिप’, ‘पिप३’, ‘पिप३.क्ष’ अशा तीन नावांनी बसायचं असतं, म्हणून पिपच्या आत पिपसाठीच एक खास अपवाद लिहावा लागला. ‘एन्शुअरपिप_ऑप्शन्स’ नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचून कोणती पाटी लावायची ते तो ठरवतो, आणि त्या जागी लिहिणाऱ्यांनी टिपणात स्वतःच त्याला ‘हॅक’ म्हटलंय. पायथन ३.४पासून, म्हणजे मार्च २०१४पासून, भाषेबरोबर जो पिप मिळतो तो या जुगाडावर उभा आहे. पिपला हे परवडलं कारण तो पिप आहे. आपल्या गावातल्या कुणी लिहिलेल्या टूलसाठी पिपमध्ये कोणी अपवाद लिहून ठेवणार नाही.

मग आकडे म्हातारे होतात आणि खोटं बोलायला लागतात, तो प्रकार वेगळाच. रुबीवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. डेबियनमध्ये बराच काळ ‘रुबी१.९.१’ नावाचं पॅकेज आणि त्याच नावाची कमांड होती. ती चालवली की आतून रुबी १.९.३ उत्तर द्यायचं. कारण १.९.१ हा लायब्ररीच्या सुसंगतीचा आकडा होता, भाषेच्या आवृत्तीचा नव्हे. जाणकारांना माहीत होतं. बाकीच्यांनी डोकं खाजवलं.

आपल्या घरचं उदाहरण मायावीचं. विज्ञानातल्या आकडेवारीची त्रिमितीय चित्रं काढणारं हे टूल, त्याचे मूळ कर्ते प्रभू रामचंद्रन, आयआयटी मुंबईच्या एअरोस्पेस विभागातले प्राध्यापक. मायावीची पहिली आवृत्ती जुनी झाल्यावर ती नव्याने लिहिली गेली आणि कमांडचं नाव पडलं ‘मायावी२’. त्या क्षणी ते योग्यच होतं, कारण जुनी ‘मायावी’ लोकांच्या यंत्रांवर नांदत होती. पुढे मायावी चौथ्या मालिकेत गेली, पायथन २ सोडून ३वर आली, पण कमांड अजूनही ‘मायावी२’. हा २ ना आजच्या मायावीचा, ना आजच्या पायथनचा. नव्या विद्यार्थ्याला तो हमखास पायथन २चा वाटतो आणि तो विचारतो की हे अजून जुन्या भाषेवरच आहे का. टूल उत्तम आहे, आणि नाव बदलून लाखभर टिपणं मोडण्यापेक्षा ते तसंच ठेवण्यात शहाणपण आहे. पण ज्यांना आज नव्याने नाव ठेवायचंय त्यांनी ही खोड उचलू नये.

शिकवण्याच्या साहित्यात तर हे आणखी टोचतं. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प मला मनापासून आवडतो. छोटे छोटे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेले, तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलालाही परवडणारे. त्यातल्या पायथनच्या एका मालिकेचं नावच ‘पायथन ३.४.३’, आणि धड्यांत विद्यार्थ्याला टर्मिनलवर ‘आयपायथन३’ टाइप करायला सांगितलंय. पायथन ३.४चा आधार मार्च २०१९मध्ये संपला. धड्यातलं गणित, आलेख, लूप सगळं आजही तितकंच उपयोगी, पण नाव वाचून मुलं विचारतात की नेमकं ३.४.३च टाकायचं का. विषय शिळा झाला नाही, पाटी शिळी झाली.

आकड्यांची आणखी एक गंमत, आणि ती नीट मोजता येत नसल्याची. ऑक्टोबर २०२१मध्ये पायथन ३.१० आलं, तेव्हा आवृत्तीच्या मजकुरातली पहिली तीन अक्षरं कापून घेणाऱ्या कित्येक प्रोग्रामांनी ते ३.१ आहे असं वाचलं. वायएएमएल फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं तर ते दशांश अपूर्णांक समजून ३.१ होतं, हे तर आजही होतं. फोल्डरमधल्या नावांचा क्रम लावला की साध्या क्रमवारीत ३.१० हे ३.९च्या आधी बसतं. म्हणजे शिस्त यावी म्हणून नावात जो आकडा घातला त्याची शिस्त यंत्रालाही धड समजत नाही.

एव्हाना कुणीतरी गावांची नावं काढणार, कारण या वादात ती निघतातच. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द असतात ना, मग ‘कव्हरेज३’ का नको? बरं, गावांकडेच जाऊ. आमचं जिते पनवेल-रोहा मार्गावर, आपटा सोडलं की पुढचं स्टेशन. त्यानंतर हमरापूर, मग पेण. जिते नावाची गावं रायगड जिल्ह्यात आणखीही आहेत. म्हणून कुणी आमच्या जित्याचं जिते-१ आणि दुसऱ्याचं जिते-२ केलं नाही. पाकिटावर ‘मु. जिते, ता. पेण, जि. रायगड’ लिहिलं की काम झालं. नाव जसंच्या तसं राहतं, वेगळेपणा पत्त्यात येतो, आणि संगणकाच्या भाषेत या पत्त्यालाच पाथ म्हणतात. कोंढव्याची गोष्ट निराळी, कारण ती दोन गावं शेजारी शेजारी, एकाच तालुक्यात. तालुका लिहून भागत नाही, म्हणून नावाला विशेषण लागलं. लिनक्सवर दोन पायथन एकाच ‘/युएसआर/बिन’मध्ये राहतात तेव्हा नेमकी हीच स्थिती असते, आणि तिथे ‘पायथन३.८’ आणि ‘पायथन३.११’ ही नावं मला शंभर टक्के मान्य आहेत. पण पुढे बघा. कोंढवा बुद्रुकात राहणारा माणूस गिरणीला ‘गिरणी बुद्रुक’ म्हणत नाही, न्हाव्याला ‘न्हावी बुद्रुक’ म्हणत नाही. विशेषण गावाला लागतं. गावातल्या दुकानांना लागत नाही. पायथन हे गाव, कव्हरेज ही गिरणी. आमच्या मित्रांनी दाखला दिला तो बरोबर, फक्त त्याचा निकाल त्यांच्या विरुद्ध जातो.

तेव्हा करायचं काय? ज्या टूलला कोणत्या पायथनशी काम करायचं हे कळणं अत्यावश्यक असतं, म्हणजे पिप, कव्हरेज, पायटेस्ट यांसारखी, ती इंटरप्रिटरच्या तोंडून बोलवावीत: ‘पायथन३.११ -एम पिप इन्स्टॉल पांडाज’. हा ‘-एम’ काही नवा नाही. २००४च्या पायथन २.४पासून आहे. यात पिपच्या पाटीचा प्रश्नच उरत नाही, कारण पिपची फाइल वापरातच येत नाही. ज्या गावात उभं राहून हाक मारली त्याच गावचा पिप येतो. पांडाज कुठे गेला हा प्रश्न यात संपतो, आणि दोन कव्हरेजनी एकमेकांना पुसण्याचाही, कारण दोन्ही आपापल्या पायथनच्या घरात सुखाने राहतात. पुसली जाते ती बिनमधली पाटी, जिची आता गरज नाही. पिप आपल्या कागदपत्रांत आज स्वतःच्या कमांडी देतानाही ‘पायथन -एम पिप’ असंच लिहितो. पिपला स्वतःच्या नावावर जो भरवसा नाही तो आम्ही का ठेवावा?

दुसरी जात आहे ती नुसत्या पायथनात लिहिलेल्या टूलांची. वापरणाऱ्याला पायथनशी देणंघेणं नसतं. त्याला व्हिडिओ उतरवायचा असतो, चित्र काढायचं असतं, कोडचा इतिहास ठेवायचा असतो. मर्क्युरियल हे टूल पायथन २वरून ३वर आलं. कमांड होती ‘एचजी’, राहिली ‘एचजी’; कुणी तिला ‘एचजी३’ केलं नाही आणि जगाचं काही बिघडलं नाही. अशा टूलांच्या नावात भाषेचा आकडा म्हणजे खिचडीच्या पातेल्यावर गॅस कंपनीचं नाव. ती पिपएक्ससारख्या साधनाने टाकावीत. पिपएक्स प्रत्येक टूलला स्वतंत्र व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंट देतो आणि बाहेर फक्त साधं नाव ठेवतो. कुणाला खरोखरच एका टूलच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी हव्या असतील तर पिपएक्सला ‘--सफिक्स’ हा पर्याय आहे. रुबीजेम्समध्येही ‘--फॉरमॅट-एक्झिक्युटेबल’ असा पर्याय पूर्वीपासून आहे. माझा आकड्याला विरोध नाही. ज्याच्या घरात दोन आहेत त्याने आपल्या सोयीने चिठ्ठी लावावी. टूल बनवणाऱ्याने जगातल्या सगळ्यांच्या घरात ती लावून पाठवू नये.

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते मी जित्याजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात पाहिलं. तिथल्या मुलाने, बारावीनंतर कधीतरी, ऑर्डरींच्या यादीवरून चिठ्ठ्या छापणारं एक स्क्रिप्ट लिहिलं: ग्राहकाचं नाव, मूर्तीची उंची, आगाऊ किती दिले, कुठे पाठवायची. नाव ठेवलं ‘लेबल’. पहिली ओळ ‘/युएसआर/बिन/पायथन’. काही हंगाम बिनबोभाट चाललं. मग डिस्क गेली, नव्या डिस्कवर उबुंटू २२.०४ चढलं, आणि ऐन आषाढात, रंगकाम तुंबलेलं असताना, ‘लेबल’ म्हणायला लागलं: बॅड इंटरप्रिटर, अशी फाइल नाही. आकडेवाला मित्र माझ्याबरोबर होता. तो म्हणाला, बघ, आकडा न लावल्याची फळं. मी म्हटलं, पहिल्या ओळीत ‘पायथन२.७’ लिहिलं असतं तरी नव्या उबुंटूवर ते मुळात टाकलेलंच नव्हतं. संदेश तोच आला असता. मोडली ती भाषा, नाव नाही. आम्ही कंस घातले, फाइल वाचताना यूटीएफ-८ सांगितलं, पहिली ओळ ‘पायथन३’ची केली. मुलाची आई, जी खरी ‘लेबल’ चालवते, तिने पुन्हा तेच टाइप केलं जे ती आधी करत होती. आकडेवाल्यांचं ऐकलं असतं तर आधी तिला ‘लेबल२.७’ शिकवावं लागलं असतं आणि मग ते विसरायला लावून ‘लेबल३.१०’. तिला रंगाच्या शेकडो छटांची नावं तोंडपाठ आहेत. पण हे आकडे तिने का पाठ करावेत, याचं उत्तर मित्राकडे नव्हतं.

शिक्षकांचा एक मुद्दा राहिला: नवशिक्यांना एकच ठाम सूचना हवी, ‘नेहमी पायथन३ आणि पिप३’. ठाम सूचना हवीच, पण ती सगळीकडे चालली पाहिजे. पायथनच्या पारंपरिक अधिकृत इन्स्टॉलरने विंडोजवर पायथन टाकलं की ‘पायथन३’ नावाची कमांड त्यात येत नाही; ‘पायथन’ येते आणि ‘पीवाय’ हा लाँचर येतो, ज्याला ‘पीवाय -३.११’ असं सांगून आवृत्ती निवडता येते. तिथे ‘पायथन३’ टाइप करणाऱ्या मुलाला बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं दुकान उघडलेलं दिसतं. कागद पाठ केलेला मुलगा घरच्या विंडोजवर बसला की त्याची सुरुवातच दुकानात होते. उलट व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंट करून ती चालू केली, की आत ‘पायथन’ हे नाव लिनक्सवरही असतं, विंडोजवरही असतं, मॅकवरही असतं. ‘पायथन -एम पिप’ तिथे सगळीकडे चालतं. नवशिक्यांना द्यायची ठाम सूचना ही आहे. डेबियन १२पासून तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने परस्पर काही टाकू गेलं तर ते ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून दारातच अडवतं, मग तुम्ही पिप म्हणा, पिप३ म्हणा की पिप३.११ म्हणा. व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंट शिकवण्यावाचून आता गत्यंतर नाही, आणि ती शिकवली की आकड्यांचा पाठ अनावश्यक होतो.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनी खूश होऊ नये. आकडे नकोत म्हणजे सिस्टिमचं नुसतं ‘पायथन’ हवं तिकडे वळवा, असं मी म्हणत नाही. सेंटॉस ७वर ‘यम’ हा पॅकेज मॅनेजर पायथन २मध्ये लिहिलेला होता आणि त्याची पहिली ओळ ‘/युएसआर/बिन/पायथन’ म्हणत होती. कितीतरी उत्साही लोकांनी त्या नावाची लिंक पायथन ३कडे वळवली आणि पुढच्या मिनिटाला यम ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून आडवा झाला. आता दुरुस्तीचं पॅकेज टाकायलाही यमच हवा. हा दोषही नावाचा नव्हता. सिस्टिमच्या टूलने आपला इंटरप्रिटर नेमका सांगायला हवा होता, पहिल्या ओळीत.

जीसीसी-१२ आणि पीएचपी८.१ ही नावं दाखवून कुणी म्हणेल की इतर भाषाही आकडे लावतात. लावतात, कंपायलरला आणि इंटरप्रिटरला. पीएचपीच्या कंपोझरला कुणी ‘कंपोझर८.१’ म्हणत नाही; ‘पीएचपी८.१’ म्हणायचं आणि पुढे कंपोझरच्या फाइलचा पत्ता द्यायचा, की काम होतं. म्हणजे त्यांच्याकडेही रीत तीच.

शेवटचा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे: ‘पायथन -एम’ लांब पडतं. पडतं. दोन मोकळ्या जागा धरून दहा कळा जास्त. ‘पिप३.११’लाही ‘पिप’पेक्षा चार कळा जास्त लागतात, म्हणजे भांडण सहा कळांचं आहे. ज्यांना त्या सहाही जड होतात त्यांनी शेलमध्ये स्वतःपुरता एक अलायस लिहावा. पायथन ३.११ची सुरक्षा-दुरुस्ती ऑक्टोबर २०२७मध्ये थांबेल. त्या दिवसापासून ज्यांच्या वह्यांत, स्क्रिप्टांत आणि भिंतींवर ‘पिप३.११’ आहे त्यांना तो शोधून शोधून बदलावा लागेल. अलायसवाल्याला एका फाइलमधली एक ओळ, आणि व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पायथन -एम पिप’ लिहिणाऱ्याला वहीतलं एक अक्षरही नाही, फक्त एन्व्हायर्नमेंट नवी करायची.